जिन्यावरून चालणारी खुर्ची

मुंबई-अहमदाबाद महामार्गाने डहाणू तालुक्यातून जाताना विवळवेढे येथे महालक्ष्मीचे देऊळ लागते. देवीचे मूळ स्थान शेजारच्या डोंगरावर आहे आणि तेथे जायला शेकडो पायऱ्या चढाव्या लागतात. डोंगर चढणे झेपेना अशा एका गरोदर आदिवासी भक्तिणीसाठी देवीच पायथ्याशी आली, अशी कथा या भागात सांगतात. यंत्रशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर हा सर्वांत स्वस्त उपाय. माणसाला वर नेण्यापेक्षा वरची गोष्ट खाली आणावी. घरातल्या वृद्ध माणसाला जिना जड जाऊ लागला की आधी हाच प्रश्न विचारावा : माडीवरची खाट खाली आणता येईल का? येत असेल तर यंत्राची गरजच नाही.

पण सगळीकडे ते जमत नाही. डहाणू, चिंचणी, बोर्डी या किनाऱ्याजवळच्या गावांत अरुंद जागेवर बांधलेली, खाली दुकान आणि वर राहती जागा अशी घरे आहेत. अशाच एका घरी आमचे जाणे-येणे आहे. तेथल्या बाई निवृत्त शिक्षिका. स्वयंपाकघर, झोपायची खोली, संडास-न्हाणी सगळे माडीवर. पावसाळा सुरू झाल्यापासून दिवाळीपर्यंत बाई एकदाही खाली उतरल्या नव्हत्या. मुलाने जिन्याला बसवायच्या खुर्चीची चौकशी केली होती आणि खर्चाचा आकडा ऐकून घरात दोन तट पडले होते. बाईंचे म्हणणे थोडक्यात असे : "चढते मी अजून. उतरायचीच भीती वाटते." अकरावीतल्या नातवाला हे काही पटत नव्हते. उतरताना गुरुत्वाकर्षण मदतच करते, मग आजीला चढण्यापेक्षा उतरणे कठीण कसे?

नातवाची शंका रास्त आहे. तिचे उत्तर मिळाले की ही खुर्ची नेमके कोणते काम करते तेही कळते. म्हणून आधी आकडेमोड करू.

बाईंच्या जिन्याला १८ पायऱ्या आहेत. प्रत्येकीची उंची १७ सेंटीमीटर, म्हणजे मजला साधारण ३ मीटर उंच. बाईंचे वजन ६० किलो धरू. एक मजला चढताना गुरुत्वाकर्षणाविरुद्ध केलेले कार्य = ६० × ९.८ × ३ = १७६४ ज्यूल. हा आकडा मोठा वाटतो, पण विजेचे एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. कोणतीही गळती नसलेले आदर्श यंत्र असते, तर एका युनिटात बाई दोन हजारांहून अधिक वेळा वर गेल्या असत्या! ९ वॉटचा एलईडी दिवा एवढीच ऊर्जा सव्वातीन मिनिटांत वापरतो. घोलवडच्या चिकूच्या भाषेत सांगायचे तर शंभर ग्रॅम चिकूच्या गरात सुमारे ८३ किलोकॅलरी ऊर्जा असते. स्नायू त्यातली पाव ऊर्जा उपयोगी कार्यात बदलतात असे मानले, तरी एका मोठ्या चिकूवर एकोणपन्नास मजले चढता यावेत.

तेव्हा वृद्धांना जिना चढवत नाही तो ऊर्जा कमी पडते म्हणून नव्हे. अडचण बलाची आहे आणि ती गुडघ्यात आहे.

पायरी उतरणारा माणूस सावकाश पाहा. एक पाय वरच्या पायरीवर टेकलेला असतो. दुसरा पाय खालच्या पायरीला लागेपर्यंत सगळे शरीर त्या वरच्या एकाच पायावर असते आणि तो गुडघा हळूहळू वाकत जातो. या स्थितीत शरीराचे वजन गुडघ्याच्या बरोबर वर नसते, ते मागे पडते. समजा, वजनाची रेषा गुडघ्याच्या मागे १० सेंटीमीटरवरून जाते. गुडघा एकदम दुमडू नये म्हणून मांडीचा पुढचा स्नायू वाटीवरून नडगीला ओढून धरतो. पण त्याची भुजा फक्त ४ सेंटीमीटरच्या आसपास असते. तरफेच्या नियमाने स्नायूला वजनाच्या अडीचपट ओढावे लागते. ही ओढ सांध्याची दोन हाडे एकमेकांवर दाबते आणि वजन तर त्यावर आहेच. बेरीज झाली साडेतीनपट. ही दोन्ही बले अगदी एका रेषेत नसतात, त्यामुळे हा ढोबळ अंदाज समजावा.

अंदाज कितपत खरा आहे? बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातील संशोधकांनी काही रुग्णांना बसवलेल्या कृत्रिम गुडघ्यांतच बल मोजणारी उपकरणे ठेवली आणि त्यांची मापे बिनतारी पद्धतीने बाहेर घेतली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत गुडघ्यावरचे कमाल बल सपाटीवर चालताना सरासरीने शरीराच्या वजनाच्या २६१ टक्के, जिना चढताना ३१६ टक्के आणि उतरताना ३४६ टक्के भरले. पाच रुग्णांवरची ही मापे, तेव्हा शेवटच्या अंकाला फार महत्त्व देऊ नये. पण क्रम स्पष्ट आहे. साठ किलोच्या बाईंच्या एका गुडघ्यावर उतरताना सुमारे २०८ किलोंच्या वजनाइतका दाब येतो, म्हणजे सिमेंटच्या चार गोण्यांहून थोडा जास्त. झिजलेल्या सांध्याला हा भार दर पायरीला सोसायचा असतो.

आता नातवाच्या शंकेकडे येऊ. वर असताना बाईंकडे १७६४ ज्यूल स्थितिज ऊर्जा जास्त होती. खाली पोचल्यावर ती गेली कुठे? ती कुठेतरी जिरवावी लागते. धोंडा गडगडत खाली आला तर ती शेवटी आपटण्यात जाते. माणसाच्या बाबतीत ती मांडीच्या स्नायूत जिरते. हा स्नायू एरवी आखडत जाऊन काम करतो. उतरताना मात्र त्याला ताठ राहून ताणले जावे लागते. पायरीगणिक सुमारे १०० ज्यूल ऊर्जा अशी जिरवायची, आणि तीही तोल सांभाळून, खालच्या पायरीची कड न दिसता. गुरुत्वाकर्षण मदत करते हे खरे, पण जरुरीपेक्षा जास्त करते. शिवाय चढताना तोल गेला तर हात समोरच्याच पायरीवर टेकतात. उतरताना तोल गेला तर समोर पोकळी असते.

गुडघेदुखीच्या रुग्णांना सांगतात की चढताना चांगला पाय आधी टाकावा आणि उतरताना दुखरा. पुष्कळ लोक हे पाठ करतात आणि ऐनवेळी उलटे करतात. पाठ करण्याची गरज नाही. दोन्ही वेळा श्रम वरच्या पायरीवरच्या गुडघ्याला होतात. म्हणून वरच्या पायरीवर नेहमी चांगला पाय हवा, एवढे कळले की नियम आपोआप येतो.

मग खुर्ची काय करते? पायऱ्यांवर खिळवलेल्या धातूच्या रुळावरून ती तिरकी सरकते. ही कल्पना शंभर वर्षांची आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात सी. सी. क्रिस्पेन यांनी १९२० च्या दशकात आजारी मित्रासाठी असे आसन तयार केले आणि पुढे त्याचा व्यवसाय केला. तत्त्व तर आपल्या पाठ्यपुस्तकातलेच आहे. बाईंच्या जिन्याची पायरी १७ सेंटीमीटर उंच आणि २७ सेंटीमीटर रुंद, म्हणजे चढ सुमारे ३२ अंशांचा. रूळ ५.७ मीटर लांब भरतो. तीन मीटरचे अंतर जवळजवळ दुप्पट झाले, त्यामुळे लागणारे बल जवळजवळ निम्मे झाले. वर्गात एक फळी, एक वीट आणि ताणकाटा घेऊन हे करून पाहावे. वीट सरळ उचलताना काटा किती दाखवतो आणि फळीवरून ओढताना किती, हे नोंदवावे. फळीवर काटा अपेक्षेपेक्षा जास्त दाखवील, कारण घर्षण. मग विटेखाली दोन गोल पेन्सिली ठेवून पुन्हा ओढावे. खुर्चीला चाके का असतात ते सांगावे लागणार नाही.

खुर्ची फार सावकाश चालते. अशा यंत्रांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकांत वेगाची मर्यादा सेकंदाला १५ सेंटीमीटर आहे. सेकंदाला १० सेंटीमीटर धरले तर बाईंना वर जायला ५७ सेकंद लागतील. तरुण माणूस तोच जिना पंधरा सेकंदांत चढतो, म्हणजे सुमारे ११८ वॉट शक्ती वापरतो. खुर्चीवरच्या बाईंना उचलायला ३१ वॉट पुरतात. खुर्चीचे स्वतःचे वजन ४० किलो धरून एकूण १०० किलो उचलायचे, तरी उपयोगी शक्ती ५२ वॉटच लागते. म्हणून मिक्सरच्या मोटारीहून लहान मोटारही हे काम करू शकते.

खरे कौशल्य उचलण्यात नाही, धरून ठेवण्यात आहे. वणीच्या सप्तशृंगी गडावर २०१८ मध्ये सुरू झालेली फ्युनिक्युलर गाडी दोन डब्यांची आहे. एक वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो आणि दोघांची वजने एकमेकांना तोलतात. घरातल्या जिन्यावर दुसरी खुर्ची ठेवायला जागा नसते. मग अर्ध्या वाटेत वीज गेली तर बाई घसरत खाली येणार नाहीत कशावरून?

येथे मळसूत्र मदतीला येते. मोटारीच्या आसाला मळसूत्राचे आटे असतात आणि ते एका दंतचक्राला फिरवतात. ते चक्र पुढे रुळावरच्या दातेरी पट्टीवर चढत जाते. मळसूत्र चक्राला फिरवू शकते, पण आटे पुरेसे कमी चढाचे असतील तर चक्र मळसूत्राला फिरवू शकत नाही. गिटारची खुंटी पाहा. ती पिळली की तार ताणली जाते; तारेने कितीही ओढले तरी खुंटी उलटी फिरत नाही. मोटारगाडीचा स्क्रू जॅकही असाच : दांडा सोडला तरी गाडी खाली बसत नाही. याउलट विहिरीचा रहाट सोडून पाहा, म्हणजे दोन्हींतला फरक लक्षात येईल.

या गुणाची किंमत मोजावी लागते. ओझे आपल्या वजनाने खाली येऊ नये असे वाटत असेल, तर उतरताना सुटणारी सगळी स्थितिज ऊर्जा घर्षणाने खाऊन टाकली पाहिजे. घर्षण वर जातानाही साधारण तेवढेच खाते. म्हणजे १०० किलो तीन मीटर उचलताना उपयोगी कार्य २९४० ज्यूल आणि घर्षणात निदान तेवढेच. सबब, स्वतःहून न घसरणाऱ्या अशा यंत्राची कार्यक्षमता ५० टक्क्यांहून जास्त असू शकत नाही. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना हे जरूर विचारावे. कार्यक्षमता नेहमी वाढवायची असते असे त्यांना आपणच शिकवलेले असते. येथे ती मुद्दाम कमी ठेवलेली आहे. बाईंच्या मांडीचा स्नायू जी ऊर्जा जिरवत होता, तीच आता दंतचक्रे जिरवतात आणि थोडी कोमट होतात.

एवढ्यावरही कोणी विसंबत नाही. मोटारीवर स्प्रिंगचा ब्रेक असतो. वीज असेपर्यंत विद्युतचुंबक तो उघडा धरतो. वीज गेली की स्प्रिंग आवळते. वेग ठरावीक मर्यादेबाहेर गेला तर खुर्ची रुळाला पकडून ठेवणारी वेगळी यंत्रणा असते. पाय ठेवायच्या फळीला काही अडले की खुर्ची थांबते, आणि बटण दाबून धरले तोवरच ती चालते. वर पोचल्यावर बैठक फिरवता येते, म्हणजे उतरणाऱ्याचे तोंड खोलीकडे आणि पाठ जिन्याकडे होते. आम्हाला विचाराल तर या यंत्रातली सर्वांत शहाणी गोष्ट ही फिरणारी बैठकच. जिन्याच्या माथ्यावर उठून उभे राहण्याचा क्षण सर्वांत धोक्याचा असतो.

पावसाळ्यात वीज बेभरवशाची, म्हणून बॅटरीचा विचार हवा. बहुतेक खुर्च्यांत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात आणि रुळाच्या टोकाशी खुर्ची उभी राहिली की त्या भरत राहतात. प्रत्येकी ७ अँपिअर-तास धरल्या तर साठा होतो १६८ वॉट-तास, म्हणजे सुमारे ६ लाख ज्यूल. कार्यक्षमता ४० टक्के मानली तर एका चढीला ७३५० ज्यूल लागतात. कागदावर ८० फेऱ्या निघतात! प्रत्यक्षात बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते आणि ती दरवर्षी म्हातारी होत जाते. आम्ही पाव हिश्शावर, म्हणजे वीसेक फेऱ्यांवर भरवसा ठेवू. खुर्ची मधेच उभी ठेवली तर बॅटरी भरत नाही, ही साधी गोष्ट घरातल्या सर्वांना माहीत हवी.

बसवण्याआधी जिना टेपने मोजावा. माणूस खुर्चीत आडवा बसतो, म्हणून पाठीपासून गुडघ्याच्या टोकापर्यंतची लांबी महत्त्वाची. पुष्कळ प्रौढांत ती ५५ ते ६० सेंटीमीटर भरते. त्यात पाठीमागची जागा मिळवली की अडीच फुटांहून अरुंद जिन्यात गुडघे कठड्याला घासणार हे उघड आहे. सरळ जिन्याला सरळ रूळ पुरतो. वळणाच्या जिन्यासाठी रूळ त्या घराच्या मापाने वाकवून घ्यावा लागतो आणि चढ बदलला तरी बैठक सपाट राहील अशी योजना लागते. खर्च तेथेच वाढतो. जुन्या माडीच्या लाकडी जिन्याची प्रत्येक पायरी ठोकून पाहावी, कारण रूळ भिंतीला नव्हे, पायऱ्यांना जखडतात. किनाऱ्यावर खारी हवा आहे. दातेरी पट्टी आणि बॅटरीची टोके दर पावसाळ्यानंतर तपासावीत.

डहाणू-तलासरी भागाला आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. नोव्हेंबर २०१८ पासून येथे भूकंपाच्या लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. घरांना तडे गेले आणि कित्येक कुटुंबांनी थंडीच्या रात्री तंबूत काढल्या. माडीवर राहणारा आणि जिना उतरू न शकणारा माणूस अशा वेळी सर्वांत अडकलेला असतो. हादरे चालू असताना जिना आणि खुर्ची दोन्ही वापरू नयेत. ते थांबल्यावर बॅटरीवरची खुर्ची चालेलही, पण रूळ वाकला असेल तर नाही. म्हणून मजबूत साध्या खुर्चीत बसवून दोघांनी वृद्धाला खाली कसे आणायचे याचा सराव घरात झालेला असावा, जिन्याची खुर्ची असली तरी.

बाईंच्या घरी सर्वांत आधी जिन्याच्या दोन्ही बाजूंना पकडायला दांडे बसले. पायऱ्यांच्या कडांना पिवळा पट्टा आणि वर-खाली दोन्हीकडे बटण असलेला दिवाही आला. खर्च खुर्चीच्या मानाने नगण्य. दांड्यावर हाताने दहा किलोंचा भार टाकला तर गुडघ्यावरचा दाब त्याच्या तिप्पट-साडेतिपटीने कमी होऊ शकतो, तरफेचा नियम येथे आपल्या बाजूने असतो. खुर्ची त्यानंतर बसली. डॉक्टरांच्या सल्ल्याने बाई दांडे धरून चढतात आणि खुर्चीत बसून उतरतात. न वापरलेला स्नायू झिजतो, म्हणून चढणे त्यांनी सोडलेले नाही.

तलासरीच्या पाड्यांवर प्रश्नाचे रूप वेगळे आहे. तेथे माडी नाही, ओटा आहे. चाकाच्या खुर्चीसाठी १ ला १२ असा उतार धरतात. तीन मीटर उंच माडीला असा उतार करायचा तर ३६ मीटर लांबी लागेल. घरात ते अशक्य. पण ४५ सेंटीमीटरच्या ओट्याला ५.४ मीटर पुरतात आणि अंगणात तेवढी जागा असते. माणूस व खुर्ची मिळून ८० किलो असतील तर १ ला १२ उतारावर ढकलायला साडेसहा किलोंच्या वजनाइतके बल पुरते. जागा वाचवण्यासाठी उतार १ ला ६ केला की ते दुप्पट होते, आणि खाली येताना तेवढेच बल मागून धरून ठेवावे लागते. दहा वर्षांच्या मुलीला भावाची खुर्ची धरून ठेवायची असेल तर हा फरक मोठा आहे.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेत अडथळ्याविना प्रवेश असावा असे म्हटले आहे. दुमजली शाळेत पायांनी अधू मुलाचा वर्ग तळमजल्यावर ठेवणे मुख्याध्यापकांच्या हातात असते. त्याला ना रूळ लागतो ना मोटार. शाळेचा उतार मात्र विद्यार्थ्यांकडून मोजून घ्यावा. पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन वरच्या आणि खालच्या टोकांच्या उंचीतला फरक काढावा आणि आडवे अंतर टेपने मोजावे. अंतराला फरकाने भागून बारापेक्षा कमी उत्तर आले, तर ते आकडे आणि आकृती शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत ठेवावी.